कुमुदची शेवटची तीन पानं

नागपूरहून ट्रंककॉल आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या आमच्या शाळेत सातवीला भूमिती शिकवत होतो. शिपाई बोलवायला आला, मी हातातला खडू तसाच घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. पलीकडून बायको, शैला, एवढंच म्हणाली, ‘‘अहो, या तुम्ही.’’ पुढे तिचा आवाजच येईना. आदल्या दिवशी मी कुमुदला, माझ्या धाकट्या बहिणीला, इस्पितळात चांगली शुद्धीवर सोडून आलो होतो. ऑपरेशन झालं, तिनं डोळे उघडले, मला ओळखलं, म्हणजे ती आता बरी होणार, असं मी धरून चाललो होतो. गाडीत सगळा वेळ मी रक्त कोण देईल याचीच यादी करत होतो. पोचलो तेव्हा तिच्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली होती...

आम्ही सौंसरचे. वडील लवकर गेले. मी मास्तर झालो आणि कुमुद गणितात माझ्या कितीतरी पुढे निघून गेली. नागपूरला एम.एस्सी. करून ती दूरच्या एका मोठ्या संस्थेत संशोधनाला लागली, कॉम्प्युटरवर. विषयाचं नाव तिनं पत्रात लिहिलं होतं, नॉनमोनोटॉनिक रीझनिंग. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. त्याच वर्षी हिवाळ्यात ती सुट्टीवर आली तेव्हा आम्ही काकांच्या बगीच्यात गेलो, मोहगावकडे. आंबिया बहारासाठी, म्हणजे झाडांना एकदम फुलं यावीत म्हणून, संत्र्याचं पाणी तोडलेलं होतं, पानं पिवळी पडून गळत होती. ती थांबली. ‘‘दादा, शहरातला माणूस हे झाडं पाहून काय म्हणन?’’

‘‘वाळले म्हणन.’’

‘‘अन् त्याले सांगतलं, का मुद्दाम ताणावर सोडले आहेत, तर?’’

‘‘तर म्हणन, नाही बाप्पा, आता फुटतीन.’’

‘‘बस्. माणूस आपलं म्हणणं सहज मागे घेते. मशीनले ते येत नाही. एकदा खरं धरलं का तिच्यासाठी ते कायमचं खरं. तिले मागे घेणं शिकवून राहिलो आम्ही.’’

मी हसलो. याच्यात शिकवायचं काय, असं मला वाटलं होतं.

पुढच्या वर्षी आईला लकवा मारला, उजवं अंग गेलं. मी कुमुदला लिहिलं, दोन महिने ये. आईला पांढुर्ण्याला आणणं मला जमलं असतं, निदान सौंसरला राहून रोज बसनं शाळेत जाणं तरी जमलं असतं. पण मी तेव्हा ‘जमणार नाही’ म्हणालो आणि सगळ्यांनी ते मानलं. कुमुदनंही मानलं. दोन महिन्यांची चार वर्षं झाली.

त्या चार वर्षांत सौंसरमध्ये कॉम्प्युटर कोणी पाहिलेलासुद्धा नव्हता. ती कागदावर प्रोग्राम लिहायची, टपालानं तिच्या सरांना पाठवायची. सर संस्थेत तो चालवून पाहायचे आणि छापलेल्या कागदांची लांबच लांब घडी रजिस्टरनं परत यायची. एका ठिकाणी स्वल्पविराम चुकला तर पंधरा दिवस गेले. आईचं अंग पुसणं, तिला भरवणं, कूस बदलून देणं, आणि मधल्या वेळात हे. तिचा अडलेला प्रश्न एकच होता. दोन गोष्टी खऱ्या धरून चाललो आणि दोन्ही एकमेकींच्या आड आल्या, तर मागे कोणती घ्यायची? तीन वर्षांनी तिला उत्तर सापडलं. लेख सरांकडे गेला. सरांचं पत्र आलं, की जवळपास हेच परदेशातल्या एका नियतकालिकात नुकतंच छापून आलं आहे. मी धावत सौंसरला गेलो. ती भाजी निवडत होती. ‘‘म्हणजे मी बरोबर होती न, दादा,’’ एवढंच म्हणाली. आणि तिनं पुढची जुडी निवडायला ओढली.

त्यानंतर तिनं नवीन काम धरलं, आणि त्याच सुमारास डोकेदुखी सुरू झाली. डॉक्टरांनी चष्मा बदलून दिला, वाचन कमी करा म्हणाले. चार महिने आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो, वाचन कमी कर. सकाळी तिला उलट्या व्हायच्या, तर आम्ही म्हणालो पित्त. दिवाळीत ती ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली.

‘‘दादा, मले एकाचे दोन दिसून राहिले. डॉक्टरले म्हण न, पहिल्यापासून पाहा म्हणा परत.’’

‘‘अव, डॉक्टर आहेत ते. त्यायले नाही समजत का?’’

‘‘समजते. पण त्यायनं जे ठरवलं, ते पहिल्या दिवशी ठरवलं. तेव्हा मले दोन दिसत नव्हते.’’

ती भांडली नाही. मी ‘‘पाहू’’ म्हणालो आणि शाळा सुरू झाली म्हणून निघून आलो... ती स्वयंपाकघरात पडली तेव्हा कुठं नागपूरला नेलं. मेंदूत गाठ होती. तिथले डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी आणायला हवं होतं. दिवाळीला बरोबर तीन महिने झाले होते.

आता तिच्या सरांचं पत्र आलं आहे. नवा लेख तिच्या नावानं छापायचा आहे, शेवटची तीन पानं तेवढी पाठवा. तिच्या पेटीत पानांचा ढीग आहे. एका पानावर लिहिलेलं दुसऱ्यावर खोडलंय, तिसऱ्यावर तेच पुन्हा लिहिलंय. तारीख कुठंच नाही. कोणतं तिनं मागे घेतलं आणि कोणतं ठेवलं, मला कळत नाही. मी गणिताचा मास्तर, दोन रविवार ती पानं मांडून बसलो, कळत नाही. शेवटी सगळा गठ्ठा बांधून सरांना पाठवून दिला. त्यांनाही कळेल की नाही, देव जाणे.

मी आता सौंसरला राहतो, रोज बसनं पांढुर्ण्याला जातो. जमतं. आईला आम्ही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आणि दुपारी पुन्हा ‘‘कुमु?’’ म्हणून विचारलं. तिला तेवढा एकच शब्द नीट येतो. मी इथं राहायला आलो त्या पहिल्या दिवशी सकाळचा चहा करून तिच्यापुढं ठेवला. ती नुसती कपाकडं पाहत राहिली. मला वाटलं, नको असेल. मी उचलायला गेलो, तर तिनं डावा हात पुढं केला आणि बोटांनी कप हळूहळू फिरवला, चहा बशीत सांडला, तरी फिरवत राहिली, कपाचा कान तिच्या चालत्या हाताकडं येईपर्यंत. चार वर्षं कुमुदच्या हातून तो कप तिच्यापुढं तसाच येत होता.