झाकण सोडून सगळं निळं

विलासचा स्टिकर मी आधी पाहिला, मशीन नंतर.

दिवाळे गावच्या काशीनाथदादानं टेम्पोतून आपलं जुनं आऊटबोर्ड उतरवलं आणि बेलापूर गावातल्या माझ्या दुकानाच्या ओट्याला टेकवलं. वरच्या कव्हरवर लाल-पिवळा गोल स्टिकर. इंग्रजीत नाव, खाली वाशीच्या दुकानाचा फोन नंबर. हे मशीन वर्षानुवर्षं माझ्या हातातलं. त्यावर दुसऱ्याचं नाव बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिकडं कशाला नेलंस, दादा?"

"विलासशेट जेट्टीवर आला व्हता. बोलला, एकदा आमचा हात बघा."

"मग बघितलास?"

"दोनदा बघला. तरी बंद परतं."

हे ऐकून मला झालेला आनंद मी लपवला. फार लपला नसावा.

आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन. डोकं वर, पंखा खाली पाण्यात, दोरी खेचून चालू करायचं. पेट्रोलची टाकी वेगळी असते, होडीत ठेवलेली. टाकीतून इंजिनपर्यंत रबरी पाइप येतो आणि पाइपच्या मध्ये मोसंबीएवढा रबरी फुगा. चालू करण्याआधी तो फुगा दाबून पेट्रोल वर चढवायचं. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

आता विलास. आम्ही दोघं माझगावला एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. मी त्याच्या आधीचा. त्याला दोरी खेचायला मी शिकवलं. पण उस्तादानं काम सोडताना आपला गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पोलादी पट्ट्या, दिला कुणाला? विलासला. का, ते मला आजही कळलेलं नाही. नंतर त्यानं वाशीला काचेच्या दारांचं दुकान टाकलं, नव्या मशीनची एजन्सी घेतली. गिऱ्हाइकाला थंडा पाजतो. दिवसभर ग्रीसमध्ये काम करून त्याचा शर्ट पांढराच्या पांढरा. माझा सकाळी साडेनऊलाच काळा झालेला असतो. मला त्याचा मत्सर वाटायचा का? वाटायचा. त्या शर्टाचा सगळ्यात जास्त.

काशीनाथदादाची गोष्ट फक्त एका मशीनची नव्हती. दिवाळ्याच्या जेट्टीवर तो जिथं जाईल तिथं बाकीचे जायचे. माझं निम्मं दुकान त्या जेट्टीवर चालत होतं.

"विलासशेट सांगतो, मशीनचं वय झालं. नवीन घे," दादा म्हणाला. "हे उधान बघतो. नाय सुदरलं, तर नवीन घेतो त्याच्याकरून."

उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती. मासळीचे खरे दिवस तेच. म्हणजे माझ्या हातात जेमतेम आठवडा होता. त्यानं विलासकडून नवीन मशीन घेतलं असतं, तर त्याच्या मागोमाग सगळी जेट्टी वाशीला गेली असती.

"होतं काय नक्की?"

"सकाली एका खेचीत चालू. जरा लांब गेलो का घुसमटतं नि बंद. मग खेचून खेचून खांदा निखलतो. थोरा वेल बसलो का परत चालू. गरम व्हतं, दुसरं काय?"

लक्षणं बरोबर कॉइलची. कॉइल म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारं वेटोळं. जुनी कॉइल गरम झाली की मान टाकते, थंड झाली की पुन्हा चालते. विलासलाही तेच वाटलं असणार. मी कव्हर उघडलं. कॉइल नवी. प्लग नवे. पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र नवं. कार्ब्युरेटर साफ करून पुसलेला. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या दोन टोकांमधली, फट मी स्वतः मोजली. कुठं चूक काढावी म्हणून दोनदा मोजली. केसाचाही फरक नाही. उस्तादाच्या गेजनं मोजलेली असणार. काम चोख होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"टाकीच्या झाकणावरचा स्क्रू उघडतोस ना?" मी विचारलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी आत हवा जावी लागते. त्यासाठी झाकणाला एक भोक असतं, त्यावर छोटा स्क्रू. चालवताना सैल करायचा, ठेवताना घट्ट.

"मना शिकवतो काय? रोज उघरतो."

मग मी मशीन पाण्याच्या पिंपाला अडकवलं, माझ्या टाकीचा पाइप जोडला आणि चालू केलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. घड्याळासारखं चालत होतं. दादा मशीनकडे बघत होता आणि मी स्टिकरकडे.

"विलासशेटकरं पन असाच चाललं व्हतं," दादा म्हणाला.

तिथं माझं डोकं जागं झालं. वाशीचं पिंप, बेलापूरचं पिंप. विलासची टाकी, माझी टाकी. गिऱ्हाईक फक्त मशीन आणतं, टाकी होडीतच राहते. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. म्हणजे जे बिघडलं होतं ते या दोन्ही दुकानांत आलंच नव्हतं.

"दादा, होडीवर चल."

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. होडी नव्या रंगात चमकत होती. दादानं तिला स्वतः रंग दिला होता आणि उरलेल्या निळ्या ऑइलपेंटनं टाकीही रंगवली होती. त्यावर पांढरी फुलं काढली होती. पूजेच्या दिवशी गावातल्या बाया टाकी बघायला आल्या होत्या, असं त्यानं मला वाटेत दोनदा सांगितलं.

मशीन एका खेचीत चालू झालं. कांदळवनं मागे पडली, खाडी रुंद झाली आणि मशीन घुसमटून बंद पडलं. दादानं दोरीला हात घातला.

"थांब. हात लावू नको."

मी प्लग काढला. कोरडा. कॉइल गेली असती तर पेट्रोल न जळता प्लग ओला झाला असता. कोरडा म्हणजे पेट्रोलच पोचत नाही. मग फुग्याला हात लावला. तो चपटा होऊन बसला होता, सोडला तरी फुगेना. टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली आणि फुगा माझ्या हातात गोल झाला.

स्क्रू सैलच होता. दादा खोटं बोलत नव्हता. पण स्क्रूखालच्या भोकात निळा ऑइलपेंट जाऊन वाळला होता. आत हवा जायला वाट नाही, म्हणून टाकी पेट्रोल सोडेना. जरा वेळ बसलं की कुठूनतरी थोडी हवा शिरायची आणि दादाला वाटायचं, मशीन थंड झालं.

"सुई आहे का?" मी विचारलं.

जाळं विणायची सुई जाड निघाली. शेवटी सुकाणूजवळ पडलेल्या एका तारेनं भोक मोकळं केलं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. मशीन एकदाही खोकलं नाही. मी मनात वाशीच्या काचेच्या दुकानात शिरलो आणि पांढऱ्या शर्टासमोर जाऊन उभा राहिलो.

दादा मात्र टाकीवरच्या फुलांकडे बघत होता.

जेट्टीवर पाच-सहा जण जाळी साफ करत बसले होते. एकानं हाक मारली, "काय दादा, सुदरला काय?"

"सुदरला!" दादा ओरडला. "विलासशेटनी कॉइल टाकली ना, ती आता बसली बरोबर."

मी त्याला बाजूला ओढलं. "दादा, हे काय?"

"सलीमभाई, टाकी मीच रंगवली. खरा सांगितला तर गाव हसंल, पूजेच्या रंगानी मशीन मारला म्हनून. विलासशेटचा नाव घेतला तर कोन खोदून विचारत नाय." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय जातं?"

काय जातं! पुढच्या महिन्याभरात त्या जेट्टीवरची निम्मी मशीनं वाशीला गेली. काशीनाथदादानं नवीन मशीन घेतलं नाही. ते जुनंच तो माझ्याकडे आणत राहिला, पण गोणपाटात गुंडाळून.

दुसऱ्या वर्षी नारळी पौर्णिमेला मी दिवाळ्याला गेलो. सगळ्या होड्या नव्या रंगात. दादाची टाकी पुन्हा निळी, फुलं आणखी मोठी. फक्त झाकण गंजकं, तसंच सोडलेलं. शेजारच्या होडीची टाकी हिरवी, झाकण कोरं. तिच्या पुढची लाल, झाकण कोरं.

"झाकणं का सोडलीत?" मी एकाला विचारलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मेकॅनिक ना तू? आयडिया हाय ती विलासशेटची."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. काम तारेचं असलं तरी मी कव्हर उघडतो, एक प्लग बदलतो आणि जुना प्लग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. डोळ्यांना न दिसलेली दुरुस्ती लोक दुसऱ्याच्या नावावर लावतात. आणि जाताना कव्हरवर स्टिकर लावतो. विलासच्या स्टिकरपेक्षा बोटभर मोठा.