उन्हात मुकं होणारं पेडल

माणिकअण्णांनी पायानं बटण दाबलं. पेडलवरचा लाल दिवा लागला. त्यांनी गिटारची तार छेडली तर स्पीकरमधून ठसका लागल्यासारखा तुटका आवाज आला आणि लगेच विरला.

समोर बाजेवर त्यांची बायको, गंगाक्का, बसली होती. नवं लुगडं नेसून. कानातलं मशीन काढून तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं.

"वाजव की," अक्का म्हणाल्या.

मी खाली बसून बॅटरी बदलली. केबलच्या पिना काढून परत घातल्या. अण्णांनी पुन्हा तार छेडली. पुन्हा तोच ठसका.

"कामून थांबलास? वाजव की."

अण्णांचा हात तारांवरच होता. अक्कांनी एकदा त्यांच्या बोटांकडं बघितलं, एकदा स्पीकरकडं, आणि हळूच म्हणाल्या, "गेलं वाटतं माझं. सगळंच गेलं."

अण्णांनी गिटार बाजूला ठेवली. तिच्याजवळ जाऊन, कानाशी तोंड नेऊन ते मोठ्यानं बोलले, "तुझं कान न्हाई गेलं. डबा बिघडलाय. दत्तानं केलेला डबा बिघडलाय."

तीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. माझ्या कामाला नावं ठेवलेली ऐकून बरं वाटलं, असं तेव्हा एकदाच झालं.

माझं दुकान हुमनाबादला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. मंडपवाल्यांचे अॅम्प्लिफायर, भजनी मंडळांचे माईक, लॉरीतले डेक हेच माझं काम. गिटारचं पेडल कधी हाताखालून गेलं नव्हतं. माणिकअण्णा दुबलगुंडीचे. आता शेती करतात, पण तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटार वाजवायचे. बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत लग्नं आणि जत्रा केल्या. त्यांच्याकडं तेव्हा एक फझ होता. फझ म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडायचं पेडल, एक छोटी डबी. गिटारचा सूर ती इतका वाढवते की तो फाटतो. फाटलेला सूर गुरगुरतो आणि मुख्य म्हणजे लांबतो. पार्टी मोडली तेव्हा ती डबी कुणाच्या तरी पेटीत गेली, ती गेलीच.

अक्कांनी अण्णांना पहिल्यांदा ऐकलं ते चिटगुप्प्याच्या एका लग्नात, त्याच डबीवर. आता अक्कांचे कान जायला लागले होते. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे तेही हळूहळू कमी होत जाईल. कानातल्या मशीनवर बोलणं कळायचं, पण गाणं लागलं की नुसता कलकलाट व्हायचा.

"साधी गिटार तिला टिचकीसारखी लागायलीय," अण्णा मला म्हणाले होते. "सूर कळंपर्यंत सूर मरतोय. त्या डबीचा सूर थांबायचा. तिला धराय वेळ गावंल. बाजारातलं एक मागवून बघितलं. ते किरकिरतंय. आमचं गुरगुरायचं."

फरक कशामुळं ते मला कळलं. आजचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात. पूर्वी जर्मेनियमचे असायचे, शेंगदाण्याएवढे, पत्र्याचं टोपण घातलेले. त्यांचा सूर मऊ फाटतो. सर्किट अगदी लहान. दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, बास. माझ्या ड्रॉवरमध्ये जुन्या रेडिओंतून काढलेले जर्मेनियम पडून होते. त्यातले सगळ्यात जोरकस दोन निवडले आणि डबी बनवली. दुकानात अण्णांनी वाजवून बघितलं. पहिल्याच सुराला त्यांनी डोळे मिटले. मग गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं कमी केलं, तसा आवाज मध घातल्यासारखा गोड झाला. "व्हय," एवढंच ते म्हणाले.

आणि ती डबी त्यांच्या अंगणात मुकी झाली.

दुकानात आणून लावली तर झकास वाजली. आमच्या धंद्यात याच्याइतकं वाईट काही नाही. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते. चालू असलेल्या वस्तूत काय दुरुस्त करायचं? मी सगळे जोड परत सोल्डर केले. स्विच बदलला. डबी आपटून, हलवून बघितली. वाजतच राहिली.

शेवटी मीटर लावून बसलो. या सर्किटात दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एका पायावर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज असावा लागतो. नऊची बॅटरी असेल तर साडेचारच्या आसपास. तिथं तो बरोबर होता. मी विचार करत पहिला ट्रान्झिस्टर नुसता चिमटीत धरून बसलो होतो. बघतो तर मीटरवरचा आकडा चढायला लागलेला. बोट काढलं, आकडा उतरला. मग तापलेलं सोल्डरिंग आयर्न नुसतं जवळ नेलं. आकडा बॅटरीएवढा वर गेला आणि स्पीकरमधून तोच ठसका आला.

जर्मेनियम गळतो. नळ बंद केला तरी थेंब पडत राहावेत, तसा त्यातून करंट झिरपत राहतो. आणि उष्णता वाढली की गळती वाढते. माझ्या दुकानात कूलरची हवा. अक्कांच्या अंगणात वैशाख, आणि वर पत्र्याचं छप्पर. बिचाऱ्याचा सगळा तोल तिथं गेला होता. मी जोर बघून ट्रान्झिस्टर निवडले होते, गळती बघितलीच नव्हती.

ड्रॉवरमधले बाकीचे तपासले. सगळेच गळके. नवीन आता बनत नाहीत, आणि जे मिळतात त्यांच्यावरचं नाव खरं असेलच असं नाही. दुबलगुंडीला जाऊन मी अण्णांना तसं सांगितलं. कमी गळकी जोडी मिळेपर्यंत थांबावं लागेल.

अक्का माझ्या ओठांकडं बघत होत्या. त्यांनी मध्येच विचारलं, "कशात असतंय ते?"

"जुन्या रेडिओत, अक्का."

त्या उठून आत गेल्या आणि रेडिओ घेऊन आल्या. कातडी कव्हरचा, पट्टा तुटलेला. त्यांच्या वडलांनी लग्नात दिलेला. घरात अजून त्याची धूळ पुसली जात होती.

"हे खोल," त्या मला म्हणाल्या.

"राहू द्या अक्का. चालू रेडिओ आहे. मी दुसरीकडं बघतो."

"कुणासाठी चालू हाय? ह्यो तर बातम्या मोबाईलवर बघतोय. मला त्यातलं काय ऐकू येत न्हाई."

अण्णा म्हणाले, "तुझ्या अप्पांचा हाय त्यो."

"अप्पानं ऐकाय दिला होता मला," अक्का म्हणाल्या. "ठिवायला न्हाई."

अण्णांनीच स्क्रू काढले. रेडिओ मला देताना त्यांनी दोन्ही हातांनी दिला.

त्या रेडिओत जर्मेनियमची एक जोडी होती. या वेळी मी कूलरपुढं बसून मापलं नाही. दोन्ही ट्रान्झिस्टर दुकानाच्या पायरीवर भर उन्हात ठेवले, चांगले तापू दिले आणि मग मीटर लावला. गळती होती, पण माझ्या ड्रॉवरमधल्यांच्या पासंगालाही पुरत नव्हती. तेच डबीत बसवले. तरी उन्हाचा भरवसा कोण देणार? म्हणून आत एक छोटा फिरता रेझिस्टर टाकला आणि त्याची मूठ डबीच्या बाहेर काढली. आवाज तुटायला लागला की मूठ थोडी फिरवायची, तोल परत येतो. अण्णांनी तिला नाव दिलं, उन्हाचं बटण.

आम्ही मुद्दाम दुपारीच बसलो. तेच अंगण, तोच पत्रा. अक्कांनी मशीन काढून ठेवलं आणि बाज ओढून स्पीकरला लावली.

अण्णांनी सूर लावला. तो गुरगुरत उठला आणि थांबला, नुसता थांबून राहिला. मी डबीशेजारी उकिडवा बसलो होतो, हात उन्हाच्या बटणावर. एकदा आवाजाची कड तुटायला लागली, मी मूठ जराशी फिरवली, परत भरला. अण्णा चिटगुप्प्याच्या लग्नातलंच गाणं वाजवत होते. अक्का खाली मान घालून बसलेल्या. ऐकू येतंय की नाही काही कळेना. अण्णांचं सगळं लक्ष अक्कांकडं, त्यामुळं त्यांची बोटं पुढं पळायला लागली.

अक्कांनी मान वर केली.

"दुसऱ्या कडव्याला घाई करायलास," त्या म्हणाल्या. "तवाबी करायचास."

अण्णा थांबले. त्यांनी नुसती मान हलवली, आणि दुसरं कडवं पुन्हा पहिल्यापासून धरलं. सावकाश.

मी मशीन नीट झालं की कधी पुन्हा तपासत बसत नाही. त्या दिवशी मात्र गाणं संपेपर्यंत हात बटणावरून काढला नाही, तशी गरज नसताना.

तेव्हापासून दुकानात एक नियम केलाय. वस्तू जिथं वाजायची असेल तिथली हवा, तिथलं ऊन विचारून घेतो आणि तशा हवेत तपासूनच देतो. गिऱ्हाईक हसतात. हसू देत. कूलरपुढं सगळीच मशीनं चांगली चालतात.