वाळूकवाल्या मावशीचे दात

वाळूक चावून दाखवल्याशिवाय मावशीनं कधी विकलं नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ढिगातलं एक उचलायची, पदरानं पुसायची आणि देठाकडून कचकन तोडायची. वाळूक काकडीसारखंच, कडू लागतं ते आधी देठाकडेच, म्हणून तिचा दात नेमका तिथं पडायचा. मग चघळत चघळत तिन्ही भाषांत निकाल द्यायची, "कडू नाही. कडवा नहीं. चेदु लेदु." आदिलाबादच्या भाजीबाजारातल्या तेलुगू बायका, उर्दू बोलणारे हॉटेलवाले, आमच्यासारखे मराठी, सगळे तो निकाल मुकाट मानायचे. चावलेलं वाळूक ती स्वतः खायची आणि त्याच वेलाची बाकीची पिशवीत टाकायची. इतकी वाळकं खाऊन हिचं पोट कसं दुखत नाही, हे मला कधी कळलं नाही.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. पैनगंगेकडच्या आमच्या गावात आमच्या समोरच तिचं घर, आणि आईची ती जिवाभावाची. मी आदिलाबादला एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला. पेशंटांची नावं पुकारायची आणि तेलुगू डॉक्टरांचं बोलणं मराठी माणसांना समजावून सांगायचं, हे माझं काम. सकाळच्या ऑटोत मावशीच्या टोपल्या आधी चढायच्या, मग मावशी, आणि उरलेल्या चार बोटं जागेत मी. "सरका वं, दवाखान्यातली बाई आली," असं म्हणायची आणि स्वतः तसूभर सरकायची नाही.

ऑटो यायच्या आधी तिच्या ओट्यावर मिसरीची बैठक असायची. जुन्या तव्यावर तंबाखू कोळशासारखी काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि पितळी डबीत भरायची, ही मावशीची करामत. त्या वासानं मला ठसका लागायचा, पण गल्लीतल्या बायका चिमूटभर मिसरीसाठी लांबून यायच्या. हिरड्यांवर बोट फिरवत एकमेकींच्या सुनांचा, म्हशींचा आणि नवऱ्यांचा पंचनामा चालायचा. बोट तोंडात असल्यामुळे एकीचाही शब्द धड फुटायचा नाही, तरी सगळ्यांना सगळं समजायचं. "मिसरीबिगर मले दिवस निंगाल्यासारखाच वाटत नाही," असं मावशी म्हणायची.

एके दिवशी बाजारात मी पाहिलं, तिनं वाळूक समोरच्या दातांनी न तोडता दाढेकडं सरकवलं. विचारलं तर म्हणाली, "दात हालून राह्यला, सुनी. पाच पोरं झाली, मोठा संसार केला, दातच तेवढे सोबत होते. आता थेबी चालले." हसली, पण मला काही हसू आलं नाही. तोंड उघडायला लावलं तर हिरड्या सुजून दातांपासून सुटलेल्या. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी सांगितलं, मी मराठीत केलं: हिरडी आणि दात यांच्यामध्ये खिसे तयार झालेत, त्यांत घाण साचलीय. आधी यंत्रानं आणि हातानं ती खरवडून काढू, मग केसाएवढ्या बारीक टोकातून लेझरचा उजेड त्या खिशात सोडू, म्हणजे उरलेले जंतू मरायला मदत होईल. पण लेझर मदतीपुरता, खरं काम सफाईचं. मावशीनं लगेच धरलं. "म्हंजे निंदन हातानंच करा लागते, अन हे वरून फवारा." डॉक्टरांना मी ते हिंदीत सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. मग म्हणाले, मिसरी सुटली नाही तर सगळं वाया जाईल. आणि सुटली की काही दिवस रक्त जास्त येईल, घाबरू नका. तंबाखू रक्ताच्या नसा आवळून धरते, म्हणून आजार दिसत नव्हता. हेही मी तिला नीट सांगितलं.

मावशी शब्दाची पक्की. संध्याकाळी पितळी डबी आईच्या हातात दिली. "म्या मागतली तरी देऊ नको." लेझरच्या वेळी खुर्चीत डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून दिलेला मोठा चष्मा लावून बसली, तेव्हा एवढी गंभीर होती की मलाच भरून आलं. एका बाजूचं काम झालं. दुसऱ्या बाजूसाठी पुढच्या आठवड्यात या, म्हणून सांगितलं.

आणि रक्त आलं. ब्रश लावला की थुंकी लाल. ओट्यावर बायका जमल्या. "जाळलं वं तुहं तोंड त्या उजेडानं," एक म्हणाली, आणि मग सगळ्याच तसं म्हणू लागल्या. मी घसा फोडून सांगितलं की हे होणारच होतं, आधीच सांगितलं होतं, थोडी कळ काढा. आईनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मला मायाच नाही. "रक्त वाहून राह्यलं अन तू म्हन्तं बरं होऊन राह्यलं?" तिनं आत जाऊन डबी आणली आणि स्वतःच्या हातानं मावशीच्या तळव्यावर मिसरी ठेवली.

रक्त थांबलं. इथंच मी हरले. मावशीनं मला पांढरी थुंकी दाखवली आणि अगदी समजुतीनं म्हणाली, "तुह्या डॉक्टरनं रक्त काढलं, माय, मिसरीनं बंद केलं. आता तूच सांग." समोर दिसतंय त्याच्या विरुद्ध बोलून कोणाला पटलंय? ती पुन्हा आली नाही. आमच्या गावातून पुढं कोणतीच बाई आली नाही, लेझरनं तोंड जळतं म्हणून. मी मात्र रोज सकाळी त्याच ऑटोत तिच्या शेजारी बसत होते आणि हिरड्या सरकून तिचे दात लांब लांब होताना बघत होते. एवढी असहाय मी कधी झाले नव्हते.

समोरचा दात गेला तो भर बाजारात, गिऱ्हाइकासमोर. वाळकातच रुतून बसला. मावशीनं तो काढून पदराच्या गाठीत बांधला, वाळूक मागं ठेवलं आणि त्या बाईला म्हणाली, "चेदु लेदु." बाई काही न घेता निघून गेली. मग एकेक करून बाकीचेही गेले.

शेवटी शेवटी ती वाळकाची चकती सुरीनं कापून गिऱ्हाइकालाच द्यायची, "तूच चाखून पाय." एकदा मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ गेले तर चकती माझ्या हातावर ठेवली. मी चावली. कडूजहर होती. मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. दुसरी चकती स्वतःच्या तोंडात टाकली, हिरड्यांनी चेपत बसली, बराच वेळ. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. "मले काईच लागत नाही, सुनी," ती हळूच म्हणाली. "कडूबी नाही अन गोडबी नाही." सकाळपासून किती जणांना तिनं त्या वेलाची वाळकं विकली होती कोण जाणे. तिनं ढिगावर गोणपाट टाकलं आणि कमरेची डबी काढली. पुढच्या हंगामात तिनं वाळूक लावलं नाही, नुसती वांगी लावली. वांगी कोणी चाखून घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. तिच्या लेकीनं आठवण म्हणून पितळी डबी आईला दिली. आता बैठक आमच्या ओट्यावर भरते, आई तंबाखू आमच्या तव्यावर भाजते आणि स्वतःही मिसरी लावते. मी आईला म्हणते, एकदा माझ्यासोबत चल, डॉक्टरांना नुसतं तोंड दाखव. आई ब्रश करून थुंकते आणि मला बोलावून दाखवते. "पाय, मले कायले पायजे दवाखाना? रक्ताचा एक थेंब तरी हाय का?"

नसतो. एक थेंबही नसतो.