आमच्या छापखान्यातला पैलवान

माणूस गेल्यावर भेटायला येणारे आधी गप्प बसतात, मग चहा आला की एक किस्सा काढतात. आमच्या ह्यांच्या मागे असे इतके किस्से जमलेत, की ठेवायला कपाट हवं! गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त ह्यांचे नाहीतच, एका टाइपाचे आहेत.

म्हैसूरला आमचा छापखाना होता. त्यात मोठ्या इंग्रजी अक्षरांचा एक लाकडी टाइप. जाडजूड अंग, नि प्रत्येक अक्षराच्या डोक्यापायाला विटेसारखी चौकोनी पट्टी. हे त्याला ‘पैलवान’ म्हणत. सर्कशीच्या पोस्टरांखेरीज त्याला कुणी विचारत नसे. ह्यांचा मात्र हट्ट, “पैलवान कुठल्याही कामाला शोभतो. तसं एक गिऱ्हाईक मिळू दे फक्त!” जन्मभर ते गिऱ्हाईक शोधत राहिले.

*

विजयनगरच्या शिंपीकाकांच्या मुलीचं लग्न. ह्यांनी पत्रिकेवर वधूवरांची नावं पैलवानात लावली. काकांनी प्रूफ हातभर लांब धरलं. “राव, माझी पोरगी नांदायला चाललीय की लढायला?”

ह्यांनी शांतपणे विचारलं, “मुलाकडचे कसे आहेत?”

काका जरा विचारात पडले. “दोन प्रती अशाच असू द्या. त्यांना पाठवायला!”

*

एका वाचनालयाला ‘सायलेन्स’च्या पाट्या हव्या होत्या. ग्रंथपालबाई दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आल्या. “अहो, ही पाटीच ओरडतेय!”

आमचा जुळारी शिवण्णा टाइपाचे खिळे जुळवता जुळवता म्हणाला, “अय्यो मॅडम, पाटी एकदाच ओरडते. तुम्ही दिवसभर, अल्लवा?”

*

जयलक्ष्मीपुरमचे डोळ्यांचे डॉक्टर मात्र दवाखान्याच्या बोर्डावर खूश. “असंच अक्षर हवं. पेशंटला दिसलं पाहिजे!”

पंधरा दिवसांनी तेच दारात. “राव, दुसरं काहीतरी छापा. लोक रस्त्यापलीकडून बोर्ड वाचतात, ‘आपले डोळे ठीक आहेत’ म्हणतात नि घरी जातात!”

*

वीणेच्या मैफलीचं हँडबिल. वादक बाईंनी कागद दोन बोटांत धरून परत दिला. “मी वीणा वाजवते. यात नगारा ऐकू येतोय.”

ह्यांनी निमूट नाजूक टाइपात छापून दिलं. पैलवानातली प्रत घरी आणून मला दाखवली. “मला तर वीणाच ऐकू येते,” म्हणाले.

*

हे गेले त्या सकाळी शिवण्णा दोन प्रूफं घेऊन आला. एकावर काळी चौकट, बारीक अक्षरं. दुसऱ्यावर ह्यांचं नाव पैलवानात, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दीर म्हणाले, “वहिनी, लोक काय म्हणतील? बारीकच बरं.”

शिवण्णानं दोन्ही प्रूफं माझ्यापुढे धरली. मी जाड अक्षरांवर बोट ठेवलं. तासाभरात कागद फाटकावर लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बन्नूरचा एक म्हातारा शेतकरी फाटकाशी थांबला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातीचं बोट. त्याला इंग्रजी येत नसावं. पण कागदाकडे ओळखीचं काही दिसल्यासारखा बघत होता. मी बाहेर गेले, तसा तो हसला.

“अक्का,” त्यानं कन्नडमध्ये विचारलं, “खेळ किती वाजता?”

“परवाच संपला,” मी म्हणाले. “चांगला झाला.”