पाळणाघराच्या गच्चीवरचं ऊन

धाकटीने आयुष्यभर उन्हाशी वैर धरलं, पण ते मनातून कधीच नव्हतं. धंदाच तसा होता. ती पडदे शिवायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि इथे ऊन कधी येतं, कुठवर येतं ते विचारायची. उत्तर येईपर्यंत ती स्वतःच ते बघत राहिलेली असे. जमिनीवरचा उन्हाचा चौकोन हळूहळू टेबलाच्या पायाकडे सरकतोय, त्यात धूळ तरंगतेय आणि ही बाई गळ्यात टेप टाकून उभी. घरची माणसं एकदोनदा हाक मारत आणि मग नाद सोडून देत. तिच्या नवऱ्याने तर तो केव्हाच सोडला होता. "वाढून ठेवलंय, उन्हातून परत आलीस की जेव," असं म्हणून तो आपलं ताट घेऊन आत जाई.

पश्चिमेच्या खिडकीला तिच्या लेखी मोठा मान होता. तिथल्या पडद्याला जाड अस्तर लागायचं, आणि तरी सगळ्यांत आधी विटायचा तो तिथलाच. पश्चिमेचं ऊन म्हणजे ऊन, बाकीचं नुसतं उजाडणं, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि त्यांनाही ते पटायचं.

एकदा एका घराच्या गच्चीवरच्या खोलीचं माप घ्यायला ती वर गेली, तर तिथे सोलर बसवायचं काम चाललं होतं. काम करणारी बाई म्हणाली, "जरा हे टोक धरता का हो?" धाकटीने धरलं. काळंभोर, गुळगुळीत पॅनेल, आणि त्यात पांढरे ढग सावकाश चाललेले. आकाश हातात धरून उभं राहायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपण इतकी वर्षं उन्हाच्या तोंडावर दार लावत आलो आणि ही माणसं त्याला बसायला जागा करून देतायत, हे तिच्या मनाला फार लागलं. त्या दिवशी खोलीचं माप राहूनच गेलं.

मग तिने शिकायचं ठरवलं. सकाळच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे मास्तर आधी विजेच्या खांबांवर चढून काम करायचे, त्यामुळे खाली उभे राहूनही मोठ्याने बोलायचे. धाकटीचा हात बसायला वेळ लागला नाही. सुईत दोरा ओवणाऱ्या बोटांना वायर ती काय जड? बॅटरीची जोडणी ती अशी नेटकी करायची की मास्तर ती इतरांना बोलावून दाखवत. अडचण एवढीच होती की वर्गाला एक उंच झरोका होता आणि त्यातून उजेडाची एक तिरीप रोज फळ्यावर उतरायची. ती फळ्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून मास्तरांच्या टकलावर जाई, आणि धाकटी तिच्यामागोमाग.

पहिलं काम मिळालं ते थोरल्या बहिणीच्या, ताईच्या पाळणाघरात. दुपारची मुलं जेवून निजली की हटकून वीज जायची. पंखे थांबले की एक मूल चुळबुळायचं, ते रडलं की दुसरं, आणि मग सगळं घर डोक्यावर. ताईला पंख्यांसाठी काहीतरी सोय हवीच होती. माहितीतला कुणीतरी चांगला माणूस बघ, असं सगळ्यांनी सांगितलं. ताई म्हणाली, "माझी बहीण माहितीतलीच आहे."

या एका वाक्याने धाकटीची झोप उडाली. ही गच्ची जमली तर पुढच्या गच्च्या मिळणार होत्या. नाही जमली तर ती जन्मभर पडद्यांचीच राहणार होती, आणि ताईचा शब्द फुकट जाणार होता ते वेगळंच. तिने जीव ओतून काम केलं. नट पुन्हापुन्हा आवळले, वायरी सरळ रेषेत नेल्या. पॅनेलांची तोंडं कुठे करायची हा प्रश्न तिला पडलाच नाही. संध्याकाळकडे कलणारं ते जहाल ऊन तिच्या ओळखीचं होतं. तिने सगळी पॅनेलं पश्चिमेला वळवली आणि समाधानाने घरी आली.

पहिल्याच दुपारी वीज गेली. पंखे थोडा वेळ रेंगाळले आणि थांबले. दुसऱ्या दुपारी तेच, तिसऱ्या दुपारीही तेच.

"मुलं उठली," एवढंच ताई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. उलट तिनेच वाट काढून दिली, "बॅटरीच खराब दिली असेल गं दुकानदाराने." धाकटीने मान डोलावली. ते ऐकायला फार गोड वाटलं. पण घरी जाईपर्यंत तो गोडवा पुरला नाही, कारण बॅटरी तिने स्वतः तपासून घेतली होती. ती मास्तरांकडे गेली.

"तोंडं कुठे केलीत?" मास्तरांनी विचारलं.

"पश्चिमेला. तिथलं ऊन सगळ्यांत कडक."

मास्तर हसायला लागले ते थांबेनात. "बाई, ते कडक तुमच्या अंगाला. पॅनेलला उजेड लागतो, चटका नको. तापली की उलट सुस्तावतात. रात्री घरातले दिवे त्याच बॅटरीवर जळले, ती उतरली. सकाळभर ही तुमची पॅनेलं उन्हाकडे पाठ करून बसलेली. ती जागी होतात दुपार कलल्यावर, आणि वीज जाते जेवणं झाली की. मग पंख्यांना द्यायला बॅटरीत असणार काय? तोंड दक्षिणेला करा, थोडं पूर्वेकडे झुकलेलं."

"हे तुम्ही शिकवलंच नाही."

"शिकवलं. त्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्याकडे बघत होतात."

धाकटी तशीच ताईकडे गेली आणि दारातच म्हणाली, "बॅटरी चांगली आहे, ताई. मीच तोंडं चुकवली."

ताई मुलांच्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने हातातली घडी पुरी केली. "उद्या दुपारी जनरेटरवाला माप घ्यायला येतोय. त्याला मी नको म्हणणार नाही. मुलांचे आईबाप मला विचारतात, तुला नाही."

"बरोबर आहे तुझं," धाकटी म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ताईचं खरंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पाना घेऊन गच्चीवर गेली. नट तिनेच असे आवळले होते की आता तिलाच सुटेनात. थोड्या वेळाने ताई वर आली आणि सांगाड्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. दोघींनी मिळून पॅनेलं वळवली. कोवळं ऊन त्यांवर येऊन पसरलं आणि धाकटी, कधी नव्हे ते, तिकडे न बघता खाली गेली.

दुपारी मुलं निजली. पडद्यांतून गाळून आलेला उजेड खोलीभर होता, आणि त्यात मुलांचे श्वास वर-खाली होत होते. धाकटी दाराशी बसली होती. वीज गेली ते तिला बाहेरून कळलं. शेजारचा रेडिओ बंद पडला, समोरच्या दुकानातली मशीन थांबली. तिने वर बघितलं. पंखे फिरत होते. आता मंदावतील, मग मंदावतील, म्हणून ती बघत राहिली, आणि ते आपले फिरतच राहिले.

तिने वळून ताईकडे बघितलं. ताई सगळ्यांत लहान मुलाला थोपटत होती. थोपटता थोपटता तिचा हात मंदावला आणि थांबला. ताईला झोप लागली होती. इतकी वर्षं पंखे थांबले की ही बाई पुठ्ठा घेऊन मुलांना वारा घालत बसायची आणि हाताला रग लागली की हात बदलायची. ती दमते हे धाकटीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता तोंड थोडं उघडं टाकून ती मुलांच्यातच आडवी झाली होती.

दारात जनरेटरवाला येऊन उभा राहिला. धाकटीने ओठांवर बोट ठेवलं. त्याने आत डोकावलं, वर बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"वीज तर गेलीय," तो कुजबुजला.

"हो. गच्चीवर सोलर आहे. मी बसवलंय."

"तुम्ही?"

"मी."

तो जरा घुटमळला. "बाईंनी बोलावलं होतं. उठवता का त्यांना?"

"नाही," धाकटी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "त्यांना झोपू दे."