चौदाव्या किलोमीटरवरचा सत्कार

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास शहागंजात दोन धावपटूंचा शाल, श्रीफळ आणि फेटा देऊन सत्कार झाला. शर्यत एकवीस किलोमीटरची होती. सत्कार चौदाव्या किलोमीटरला झाला. दोघांपैकी एक मी होतो.

दुसरे माझे मित्र. शहागंजात त्यांचं स्टोव्ह आणि कुकरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते वयाने मोठे, म्हणून मी त्यांना भाईजान म्हणतो. मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. ते मला संपादकसाब म्हणतात. ही चूक मी अनेकदा दुरुस्त केली. उपयोग झाला नाही.

आदल्या वर्षी ही शर्यत आम्हाला पूर्ण करता आली नव्हती. मर्यादा तीन तासांची. त्या हिशेबाने सगळ्यांच्या मागून आयोजकांचा टेम्पो येतो आणि ज्याला गाठतो त्याने त्यात बसायचं असतं. आम्ही बसलो. टेम्पोतला आमचा फोटो माझ्याच वर्तमानपत्रात छापून आला. खालची ओळ होती, ‘स्पर्धकांचा उत्साह असा ओसंडून वाहत होता.’ कन्नड गावाहून सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, गाडीतच बसायचं व्हतं तर एस्टी काय वाईट व्हती?"

त्यामुळे यंदाचं उद्दिष्ट एकच होतं. टेम्पोत बसायचं नाही.

सराव जालना रोडवर झाला, चिकलठाण्यापर्यंत आणि परत. चिकलठाण्यात पोहे चांगले मिळतात. पहिले दोन महिने आम्ही पळत जात होतो, पोहे खात होतो आणि रिक्षाने परत येत होतो. वजन वाढल्याचं लक्षात आल्यावर भाईजाननी नियम केला, "पहले वापसी, बाद में पोहे." दिवाळीपर्यंत आम्ही जाताना आणि येतानाही पळू लागलो. थांबून धाप टाकणं मात्र चालू होतं, त्याला भाईजान ‘ट्रॅफिक पाहणं’ म्हणत.

शर्यतीच्या दिवशी शहागंजात शिरलो तेव्हा टेम्पो दहाएक मिनिटं मागे होता.

"संपादकसाब, आज मेडल पक्का," भाईजान म्हणाले.

वळणावर मांडव होता. दोन बाकं, एक माइक, एक कर्णा आणि बाजारातले तीसेक दुकानदार. आपण कधी इथून जाऊ हे भाईजाननी व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना सांगून ठेवलं होतं. चार लोकांनी टाळ्या वाजवाव्यात एवढीच त्यांची अपेक्षा होती. अध्यक्षांचं कापडाचं दुकान आहे. ते रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते.

"अध्यक्षसाहेब, रेस चालू है," भाईजान म्हणाले.

"व्हय, म्हणून तर आता ठेवलाय. संपल्यावर तुम्ही घरी जाऊन झोपणार. मग गावणार कुठं?"

फेटेवाल्याने माझ्या डोक्याला कापड गुंडाळायला सुरुवात केली होती. मी जागच्या जागी पळत राहिलो.

"हलू नका ना साहेब. पीळ सुटतो."

फेटे बांधून झाले. शाली अध्यक्षांच्या हातात होत्या, त्या ते आमच्या खांद्यावर घालेनात. प्रमुख पाहुणे यायचे होते. अध्यक्षांनी फोन लावला, ऐकला, बंद केला.

"पोलिसांनी गाडी अडवली म्हणं. रस्ता बंद हाय."

"कायको?" भाईजाननी विचारलं.

"शर्यत हाय ना."

मी भाईजानच्या कानाशी लागलो आणि निघू या म्हणालो. "तुम जाओगे ऑफिसकू," ते म्हणाले. "मेरेकू रोज इथंच दुकान उघडायचंय."

पाच मिनिटांनी टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी प्रमुख पाहुणे बसले होते. बंद रस्त्यावर आयोजकांच्याच वाहनाला परवानगी होती, म्हणून पोलिसांनी त्यांना त्यात बसवून दिलं होतं. मागे पाच स्पर्धक केळी खात होते. त्यांनी आमच्यासाठी सरकून जागा केली.

"काका, बसा," टेम्पोवरचा स्वयंसेवक म्हणाला.

"रुको. अभी सत्कार बाकी है."

"पण टेम्पोनं तुम्हाला गाठलं."

"टेम्पो तो खडा है. खडा टेम्पो किसकू गाठता?"

स्वयंसेवकाने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या हातात तोवर चहा आला होता. प्रमुख पाहुणे उतरले होते आणि त्यांना पुढेही याच टेम्पोने जायचं होतं. टेम्पो हलेपर्यंत आम्ही शर्यतीत आहोत, असं ठरलं. तीन तासांचं घड्याळ मात्र थांबणार नव्हतं.

शाली मिळाल्या, नारळ मिळाले. प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात घेतला. पूर्वी लोक दूध किती प्यायचे इथून भाषण सुरू झालं. मधूनच निघणं शक्य नव्हतं. सगळा बाजार समोर उभा होता. भाषण आजच्या पिढीच्या मोबाइलपर्यंत आलं.

"म्हणून मी या दोघांना सांगेन," पाहुणे म्हणाले, "थांबू नका. पळत राहा!"

"जी साहब!" भाईजान मोठ्याने म्हणाले आणि पळत सुटले. मी त्यांच्या मागे. टाळ्या जोरात पडल्या. कर्ण्यावरचं भाषण पुढच्या चौकापर्यंत ऐकू येत होतं.

नारळ आम्ही बंदोबस्तावरच्या हवालदाराकडे दिले. त्याने ते का घेतले हे विचारायला वेळ नव्हता. शाली कमरेला बांधल्या. त्या वेगाने आम्ही याआधी कधी पळालो नव्हतो आणि त्यानंतरही पळालेलो नाही. एकदा भाईजान थांबले. मी "ट्रॅफिक नाही" म्हणालो, तसे पुन्हा निघाले.

शेवटची रेषा ओलांडली तेव्हा तीन तास व्हायला दोन मिनिटं कमी होती. पदकाची फीत फेट्यावरून जाईना, म्हणून तिथल्या बाईंनी पदकं आमच्या हातात दिली.

टेम्पो वीस मिनिटांनी आला. मागे आता सहा जण होते. प्रमुख पाहुणे पुढेच बसले होते आणि केळं खात होते.