शांताबाईनं हातात दिलेला कागद

माह्या बायकोलेही हे ठाऊक नाई. इतकी वर्षं एका ताटात जेवलो — पण तोंडून निघालं नाई. आज तुमाले सांगतो. काऊन आजच, ते नका इचारू.

मी तवा तेलंगणात, इंद्रवेल्लीकडच्या एका मंडल आफिसात — आपल्याकडची तहसीलच म्हणा — क्लार्क होतो. आमचं आफिस, सरकारी दवाखाना अन् जंगलखातं — तिघांचं कधी जमलंच नाई. एकाचा कागद दुसऱ्याकडे जिल्ह्यावरून फिरून यायचा, महिना जायचा. मग एका बैठकीत ठरलं — तातडीचा कागद थेट हातात द्यायचा. टपालबुक नाई, सही नाई. भरवशावर! टाळ्या वाजवल्या आमी.

शांताबाई दवाखान्यातली नर्स. आमच्याच समाजाची, मले भाऊ म्हणायची. एका दुपारी घामाघूम होऊन आली अन् कागद माह्या हातात ठेवला. जंगलातल्या कोलामगुड्याची — कोलाम आदिवासींच्या वस्तीची — विहीर नासली होती, लोकांले हगवण लागली होती, टँकर पाहिजे होता.

"भाऊ, आजच करा बरं," म्हणली अन् गेली.

टँकर जायचा तर जंगलखात्याचं गेट उघडून घ्या लागे. म्हणजे रेंजरकडे मले जा लागे. अन् त्या रेंजरनं आठवड्यापूर्वीच मले चार लोकांसमोर दाराबाहेर उभं ठेवलं होतं. ते डोक्यात बसलं होतं माह्या. येऊ दे त्यालेच माह्याकडे, म्हटलं — अन् कागद ड्रावरात टाकला. पण त्याचं काय अडणार होतं? तहान काय त्याले लागली होती?

चौथ्या दिवशी गुड्यावरची दोन लेकरं गेली.

चौकशी बसली. मोठ्या साहेबानं मले इचारलं, कागद आला होता का? शांताबाई माह्याकडे पाहून राह्यली होती — निवांत. भाऊ सांगनच, म्हणून निवांत. अन् मी — "नाई साहेब."

सही कुठं होती तिच्यापाशी?

तो कागद म्या घरी चुलीत घातला. तिच्यावर ठपका आला, बदली झाली, पार मंचेरियलच्या पलीकडे. लाज वाटते मले. तवा वाटली नाई — तवा सुटलो, असंच वाटलं.

जायच्या दिवशी ती आफिसात आली. चार्ज दिल्याचा कागद आणला होता, अन् सोबत टपालबुक. ते उघडून तिनं माह्यापुढं धरलं.

"इथं सही करा, साहेब."

म्या केली.